मूळ प्रत

पाषाणच्या पाठरोपण प्रयोगशाळेत मेंदूशास्त्रज्ञ दमयंती कारखानीस शिरली, तेव्हा संचालक भार्गव रेगे तिची वाटच पाहत होते. दोघे एकेकाळचे वर्गमित्र. वर्षापूर्वी याच रेग्यांच्या सहीनं दमयंतीच्या मुलीला, नऊ वर्षांच्या सावनीला, शाळाप्रवेश नाकारला गेला होता.

सावनी नॉर्वेत जन्मली. तिथल्या शाळेत ती आधी चिखलात खेळली, लाकूड तासायला शिकली, मग सावकाश वाचायला लागली. पुण्यात आली तर इथली सहा वर्षांची मुलं दहावीची गणितं तोंडी सोडवत होती. चौथ्या वर्षीच त्यांच्या मेंदूत दहा इयत्तांचा अभ्यास रोपला जाई. एका दुपारचं काम. रोपण नाही तर शाळा नाही, असा कायदाच होता. दमयंतीनं रोपण करू दिलं नाही. "पोरीला अडाणी ठेवणार तू," जाऊबाई म्हणाल्या. दमयंती तिला घरीच शिकवू लागली.

"अभ्यासक्रम बदललाय," रेगे म्हणाले. "नवं रोपण तयार करायचंय."

"मग कर की."

"ते पुस्तकातून होत नाही. मूल स्वतः शिकतं तेव्हा मेंदूत जे धागे जुळतात, त्यांचा आपण ठसा घेतो. मोठ्यांचे ठसे मुलांना मानवत नाहीत."

"मग मुलांना नवा अभ्यास शिकव आणि घे ठसा."

रेग्यांनी नजर चुकवली. "रोपणानंतर मेंदू नवं काही घेत नाही. जे भरलं तेवढंच राहतं."

"हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, भार्गव."

"हो. जुने ठसे वीस वर्षांपूर्वीच्या मुलांचे होते. ती मुलं शिकत असत. आज रोपणाशिवायची मुलं आहेत ती चार वर्षांखालची. त्यांना शिकवून ठसा घ्यायचा तर दहा वर्षं जातील." ते थांबले. "स्वतः शिकलेलं, अजून शिकू शकणारं एकच मूल या शहरात आहे."

दमयंतीला आधी हसू आलं, मग संताप.

"ज्या पोरीला दारातून हाकललंस, तिचंच डोकं आता सगळ्यांच्या डोक्यात घालणार?"

"तिला काही दुखणार नाही."

"आणि बाकीच्यांचं काय? लाखो मेंदू बंद करायला माझी मुलगी देऊ? नाही."

"सरकार सक्ती करेल, दमयंती."

"करून बघ म्हणावं. सावनी नॉर्वेची नागरिक आहे. तिकडे मुलाच्या मेंदूचा ठसा घेणं गुन्हा आहे. वकिलातीत फोन लावू?"

रेगे खुर्चीत बसले. "मग आमच्या मुलांनी काय करायचं?"

"ज्यांना अजून रोपण केलं नाहीस, ती माझ्याकडे पाठव. शिकतील."

"दहा वर्षं लागतील!"

"लागू देत."

सोमवारी दमयंतीच्या फाटकावर नोटीस चिकटली: विनापरवाना शाळा, तात्काळ बंद करावी. तिनं ती वाचली आणि फाटक सताड उघडलं. अंगणात अकरा पोरं जमली होती. सर्वांत धाकटी, तीन वर्षांची, रेग्यांची नात होती. आजोबांनी तिला स्वतः आणून सोडलं होतं आणि ते रस्त्यापलीकडे उभे होते.

नात भिंतीशी उकिडवी बसली होती. "ताई, मुंग्या रांगेनं का जातात?"

सावनी तिच्याशेजारी बसली.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "सरक थोडी. बघू या."