आधी खोड, मग किंमत

"अहो बाई… हा तुमचा आहे का?"

धाकटीने पंपाच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं. अंगणातल्या रिकाम्या ट्रॉलीवर एक तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, एका पायात चकचकीत बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा. दुसरा बूट खाली पडला होता आणि त्याच्यावर पाय रोवून जमादार उभा होता. जमादार म्हणजे एडका. या शेतावर कोणी यायचं आणि कोणी नाही हे आपणच ठरवायचं, अशी त्याची पक्की समजूत होती.

"माझाच," धाकटी हाताचं ग्रीस पुसत म्हणाली. "आणि तुम्ही कोण?"

"तुम्हाला शेत विकायचंय ना? मी मालमत्ता सल्लागार."

"म्हणजे दलाल."

"सल्लागार," तो ट्रॉलीवरूनही ठामपणे म्हणाला.

"मग द्या की त्याला एखादा सल्ला!"

तो हसला. भीतीने घामाघूम झालेला माणूस इतकं मोकळं हसू शकतो, हे धाकटीला नवीनच होतं. तिने तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली, तसा जमादार मुकाट्याने गोठ्याकडे वळला. तरुण खाली उतरला, बूट झटकला आणि तो घालायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला. छान होते डोळे. 'शेत विकायचंय बाई, डोळे कसले बघतेस?' धाकटीने स्वतःलाच दटावलं.

विकायचं हे तर ठरलंच होतं. बाबांच्या गुडघ्याने संप पुकारल्यापासून ते शहरात ताईकडे राहायला गेले होते. धाकटीला लहानपणापासून पिकांपेक्षा यंत्रांचं वेड. शहरात पंपदुरुस्तीचं दुकान टाकायचं तिच्या मनात होतं आणि बाबांनी त्याला हसत होकार दिला होता. अट एकच. घर, गोठा, कोठार, विहीर, जमीन सगळं एकाच माणसाला द्यायचं, आणि तेही जो कसेल त्याला. तुकडे पाडायचे नाहीत. धाकटीने त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

"तुकडे पाडले तर महिनाभरात विकून देतो," सल्लागार म्हणाला.

"आणि एकत्र?"

"एकत्र… वेळ लागेल."

"लागू दे."

पुढच्या खेपेला त्याने जाहिरात लिहून आणली. 'निसर्गाच्या कुशीत, स्वप्नातलं घर!' धाकटी पोट धरून हसली.

"हे कुणाचं घर म्हणे? गोठ्याचा पत्रा गळतो ते कुठे लिहिलंय? विहीर उन्हाळ्यात दमते, ते?"

"अहो, असं लिहिलं तर काळं कुत्रंही फिरकणार नाही इकडे."

"न फिरको. बाबांनी आयुष्यभर जनावरं विकली. आधी खोड सांगायची, मग किंमत. एकही जनावर कधी परत आलं नाही."

त्याने कपाळाला हात लावला. जाहिरात मात्र बदलली नाही, आणि त्याची शिक्षा त्यालाच भोगावी लागली. गिऱ्हाईकं यायची, ओसरीवर उभं राहून लांब श्वास घ्यायची, "किती शांत!" म्हणायची. मग धाकटी त्यांना गोठ्यात नेऊन गळका पत्रा दाखवायची आणि शेवटी जमादारची ओळख करून द्यायची. गाड्या आल्या त्याच्या दुप्पट वेगाने परत जायच्या. सल्लागार फाटकाशी हताश उभा राहायचा. पण रागवायचा मात्र नाही.

एकदा तो एकटाच आला.

"गिऱ्हाईक कुठंय?"

"आज… गिऱ्हाईक नाही. कोठाराचा फोटो जरा हलला होता."

"पुन्हा?"

"कोठार फार हलतं तुमचं," तो गंभीरपणे म्हणाला.

धाकटीने हसू दाबायला पंपाच्या खोलीचा आसरा घेतला. फोटो काढून झाल्यावर तो तिथेच आला, बाही दुमडून पाना धरून बसला, चुकीचा पाना देत राहिला. आणि ती प्रत्येक वेळी तो न रागावता परत करत राहिली. हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

मग एका सकाळी ताईचे यजमान, भाऊजी, आले. सोबत एक गॉगलवाले गृहस्थ. त्यांना जमिनीचे लहान लहान प्लॉट पाडायचे होते, आणि ते देत असलेली रक्कम ऐकून भाऊजींचा चेहरा उजळून निघाला होता.

"भावनेच्या भरात हातचं घालवू नकोस," भाऊजी म्हणाले. "विचार या तुझ्या सल्लागाराला!"

धाकटीने सल्लागाराकडे पाहिलं. सगळं याच्यावर येऊन ठेपलं होतं. तो 'विका' म्हणाला असता तर भाऊजींचं पारडं जड झालं असतं आणि बाबांना दिलेला शब्द मातीत गेला असता. शिवाय… शिवाय ते डोळेही खोटे ठरले असते.

"सांगा," ती म्हणाली. आवाज कोरडा ठेवायला तिला कष्ट पडले.

त्याने फाईल बंद केली. "आधी माझी खोड सांगतो. या व्यवहारात माझी दलाली सगळ्यात जास्त आहे. मला पैशांची गरजही आहे." तो धाकटीकडे वळला. "आता सल्ला. यांना विकू नका. तुम्ही शब्द दिलाय."

त्याने स्वतःच 'दलाली' म्हटलं होतं. धाकटीला त्याच घडीला कळून चुकलं, की आपलं आता काही खरं नाही.

"पुढच्या रविवारपर्यंत तुमचं गिऱ्हाईक आणा," भाऊजी फणकारले, "नाहीतर बाबांना कसं समजवायचं ते मी बघतो!"

त्याच दुपारी ओसरीवर बसून दोघांनी जाहिरात नव्याने लिहिली. 'गोठ्याचा पत्रा गळतो. विहीर उन्हाळ्यात दमते. माती चांगली आहे. घर मायेचं आहे. एडका मारका आहे. सगळं एकत्र, कसणाऱ्यालाच.'

रविवारी भुरभुर पाऊस होता. पन्नाशीचं एक जोडपं आलं. बाई घराकडे न बघता थेट गोठ्यात शिरल्या आणि वाकून पाणी वाहून जायची मोरी तपासू लागल्या. त्यांच्या यजमानांनी बांधावरची माती मुठीत दाबून पाहिली. पत्र्यातून एक थेंब टपकला, नेमका सल्लागाराच्या नाकावर.

"लिहिलंय तसाच गळतो की!" बाई खूश होऊन म्हणाल्या. "इतक्या जाहिराती वाचल्या, खरं बोलणारी ही एकच. आम्ही घेतो. फक्त तो एडका नको हो, घरात नातवंडं आहेत."

भाऊजींना फोन झाला. बाबांनी फोन हातात घेऊन नुसतं "शाब्बास, पोरी" म्हटलं.

जोडपं गेलं. धाकटीला आनंद झाला होता, अगदी मनापासून. तरीही ती फाटकाकडेच बघत राहिली. आता दर आठवड्याला फाटक वाजणार नव्हतं.

"जमादारचं काय करणार?" त्याने विचारलं.

"बघते. दुकानात एडका कसा ठेवू?"

"मी नेतो. माझ्या घरामागे मोकळी जागा आहे…"

"तुम्ही? त्याला बघून ट्रॉलीवर चढणारे तुम्ही?"

"म्हणूनच तर…" त्याचे कान लाल झाले. "शीळ घालणारं कुणीतरी लागेल. रोज. कायमचं."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. धाकटीने हनुवटी वर केली.

"आधी खोड ऐका. मला राग पटकन येतो आणि उतरायला अख्खी दुपार लागते. हातांचं ग्रीस कधीच निघत नाही. पंप उघडून बसले की जेवायची शुद्ध नसते. आणि एकदा ठरवलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. माझ्या बापाचं सोडून."

"शेवटची पहिल्याच दिवशी कळली," तो म्हणाला. "माझी एकच. कोठाराचा फोटो पहिल्याच वेळी नीट आला होता."

"माहितीये मला."

"मग… किंमत?"

"किंमत नाही. अट आहे." तिची नजर हलली नाही. "राग, ग्रीस, जमादार, बाबांचा गुडघा… सगळं एकत्र घ्यायचं. तुकडे पाडून मिळणार नाही."

"मंजूर. लिहून देऊ?"

"नको. हात दे."

त्याने हात दिला, आणि त्याच क्षणी मागे खुरांचा आवाज झाला. त्याने तिला ओढत ट्रॉली गाठली. खाली जमादार शिंगं रोखून उभा, वर हे दोघे भिजत, हसत, हात हातात.

"घाल ना शीळ!" तो म्हणाला.

धाकटीने मात्र मुळीच घाई केली नाही.