पुढच्याचा हात

सायकलवाल्यांच्या घोळक्यात एक नियम असतो. रस्त्यात खड्डा दिसला की पुढच्यानं हात खाली सोडून बोटानं दाखवायचा. मागचा ते बघून आपला हात खाली करतो, मग त्याच्या मागचा. चाकाला चाक लावून चालवताना मागच्याला रस्ता दिसतच नाही, दिसते फक्त पुढच्याची पाठ आणि त्याचा हात. त्या हातावर विसंबूनच सगळं चालतं.

माझं चाकं बांधायचं दुकान आहे. रिंगमध्ये स्पोक बसवायचे, ताण सारखा करायचा, आऊट, म्हणजे चाकाची डुगडुग, काढायचा. वीस वर्षं हेच करतेय. चाक वाकडं असलं तर ते दिसतं, आणि जे दिसत नाही ते नसतं, अशी माझी समजूत होती.

मागच्या वर्षी माझा धाकटा भाऊ सायकल क्लबाच्या कप्तानाच्या मागे चालवत होता. रस्ता नेहमीचाच: कालव्याकाठानं निघायचं, शेतांमधून दोन जुनी गावं मागे टाकायची, टेकडी चढायची आणि पलीकडच्या उतारानं थेट तिसऱ्या गावाच्या दगडी कमानीत शिरायचं. त्या कमानीखाली रस्त्याला आडवं गटार आहे. त्यावरची एक फरशी गायब होती. धाकट्याचं पुढचं चाक त्यात गेलं आणि तो जागीच संपला. ते चाक मीच बांधलेलं होतं.

"मी दाखवलं होतं, ताई," कप्तान म्हणाला. "त्याचं लक्ष नव्हतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. दोन महिन्यांनी मास्तर दुकानात आले. शाळेत गणित शिकवतात, त्या दिवशी धाकट्याच्या मागे तेच होते. चाकाचा आऊट काढून घ्यायचं निमित्त होतं, पण चाक अगदी सरळ होतं.

"सकाळपासून कप्तानानं एकही खड्डा दाखवायचा सोडला नव्हता," ते खाली बघत म्हणाले. "धाकट्यानं प्रत्येक खूण मला दिली. कमानीपाशी मात्र त्याचा हात हलला नाही."

"म्हणजे पुढून खूण आलीच नाही."

"मी असं कुठं बोललोय म्हणून सांगू नका, बरं का."

कप्तानपद पुढच्या हंगामात धाकट्याकडे जाणार होतं, हे क्लबात कोणापासून लपलेलं नव्हतं.

मला सूड हवा होता, उगाच सोज्वळपणाचा आव आणत नाही. वर्ष झाल्यावर मी कप्तानाला फोन केला. त्याच रस्त्यानं मला न्या, कमानीपाशी फुलं ठेवू, म्हटलं. त्याला तिथं उभं करून सगळं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. त्यापुढे मी काय करणार होते, ते माझं मलाही माहीत नव्हतं.

कप्तान हातात पिवळे मोजे घालून आला. कडक उन्हातसुद्धा ते मोजे तो काढत नसे. धाकटा कायम उघड्या हातांनी चालवायचा. त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट जरा वाकडं होतं. बारा वर्षांचा असताना माझ्याच दुकानातल्या फिरत्या चाकात ते अडकलं होतं.

कालव्याकाठी कप्तान नेहमीसारखाच पुढे होता. खड्डा आला की हात खाली, मीही लक्ष ठेवून. पहिलं गाव गेलं. चुना लावलेल्या भिंती, बंद खिडक्या, विहिरीपाशी झोपलेलं कुत्रं. ते उठून भुंकलं, पण कप्तानावर नाही. त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेवर भुंकत थोडं धावलं आणि परत गेलं.

त्यानंतर मला खटकायला लागलं. पुढे असणारा माणूस रस्त्याकडे बघतो. कप्तानाची मान वर होती. एखाद्याच्या पाठीकडे बघावं, तशी. आणि त्याचा हात किंचित उशिरा जात होता, खूण पुढून आल्यावर मागे द्यावी, तितक्या उशिरानं.

दुसऱ्या गावात आम्ही चहाला थांबलो. टपरीवरच्या मावशींनी तीन कप मांडले.

"दोघंच आहोत," मी म्हटलं.

"आणि तो पुढं गेलेला? हाक मारली तर थांबला नाही. मागं दोघं येतायत म्हणून दोन बोटं दाखवून गेला."

मावशी आत गेल्या. कप्तानानं तिसरा कप दूर सरकवला.

"ताई, तुम्हालाही दिसतोय का?"

"कोण?"

त्यानं पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. मग आपणहून म्हणाला, "मला वाटलं होतं, नुसता आपटेल. महिनाभर घरी बसेल, एवढंच. आईची शपथ."

वर्षभर जे ऐकायला मी तडफडत होते, ते असं चहाच्या टपरीवर, न विचारता मिळालं. त्यानं मन शांत व्हायला हवं होतं. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या भावाच्या मरणाला हा माणूस 'एवढंच' म्हणत होता.

"चला," मी म्हटलं. "फुलं ठेवायचीत."

"मागं फिरू या."

"तुम्ही पुढं व्हा, कप्तान. सवय आहे तुम्हाला."

टेकडीच्या माथ्यावर ऊन होतं. खाली गाव धुक्यात बुडालेलं होतं, फक्त कमानीचा वरचा दगड दिसत होता. आम्ही उतार घेतला. धुकं आधी पायांशी आलं, मग छातीशी. ओल्या मातीचा वास आला. कप्तानाची पाठ तेवढी दिसत राहिली.

आणि त्याच्या पुढे आणखी एक पाठ.

उघडा हात खाली गेला. वाकडं बोट. डावीकडे खड्डा. पिवळा मोजा खाली गेला. मी चुकवला.

पुन्हा वाकडं बोट. पुन्हा पिवळा मोजा. खड्डा खराच होता.

कप्तानानं ब्रेक सोडले होते. धुक्यात त्याला दुसरा आधार नव्हता. तो त्या हातावर पुरता विसंबला होता.

माझ्याकडे किलोमीटर दाखवणारा काटा होता. कमान कितव्या किलोमीटरला येते, ते मला पाठ होतं; तिथली फरशी वर्षभरात कोणी बसवली नव्हती. मागच्यालाही ओरडता येतं. नियमच आहे तसा. आवाज माझ्या घशापर्यंत आला होता.

मी ब्रेक दाबले आणि गप्प राहिले.

कमान आली. पुढचा उघडा हात हँडलवरून हलला नाही.

पोलिसांनी विचारलं, पुढे कोण होतं? कप्तान, मी म्हटलं, त्याच्या पुढे कोणी नव्हतं. माझ्या ब्रेकच्या खुणा कमानीच्या बऱ्याच अलीकडे संपल्या होत्या. त्यांनी त्या मोजल्या आणि वहीत लिहून घेतल्या. मास्तर कप्तानाच्या प्रेताला आले होते. माझ्या नजरेला नजर न देता निघून गेले.

त्यानंतर मी एकटीच चालवू लागले. एकटी कसली, धाकटा पुढे असायचा. उघडा हात खाली जायचा, वाकडं बोट दिसायचं, मी खड्डा चुकवायचे. मला बरं वाटायचं. मधूनमधून मी त्याच्याशी बोलायचेही.

गेल्या रविवारपासून त्या हातात पिवळा मोजा आहे.

मी सायकल दुकानात टांगून ठेवली. काल बाजारातून चालत येताना तो हात पुढे होताच. उखडलेली फरशी दाखवली, उघडं झाकण दाखवलं, जिन्याची तुटकी पायरीसुद्धा दाखवली. एकही चुकत नाही.

धाकट्याच्या वेळीही कमानीपर्यंत त्यानं एकही दाखवायचा सोडला नव्हता.