अण्णांचं लाल सोनं

सोनं पिवळं असतं, हे पोतदारांच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही कळतं. म्हणून तर आजोबांच्या टेबलावरची काचनळी बघून अकरा वर्षांची शाल्मली चक्रावली. नळीत डाळिंबाच्या रसासारखं लालभडक पाणी आणि वर चिठ्ठी, ‘शुद्ध सोनं’!

“मळलंय बिचारं,” तिने निकाल देऊन टाकला. मळलेला डाग, म्हणजे दागिना, बाबा मीठ-तुरटीच्या पाण्यात उजळतात. सोनाराचीच पोर ती, तिनेही तेच चार थेंब नळीत टाकले. बघता बघता पाणी निळंजांभळं झालं!

साल होतं २०६०. घरोघरी यंत्रमानव भांडी घासत होते, पण कुरुंदवाडच्या पेठेतल्या या दुकानात बाबांची फुंकणी अजून चालू होती. मागची खोली अण्णांची, म्हणजे तिच्या शास्त्रज्ञ आजोबांची.

“लावलीस वाट?” अण्णा दारातून म्हणाले आणि चक्क हसले. “अगं, ही साधी नळी होती. बाबाच्या तपासणीची वेगळी ठेवलीय. पण रंग का बदलला, सांग बघू?”

“सोनं लाल का, तेच आधी सांगा!”

“बारीक केलं म्हणून. हे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) आहेत. तुझ्या एका केसाच्या जाडीत पाच-सहा हजार शेजारी शेजारी बसतील. एवढ्या लहान कणावर उजेड पडला, की तो कण त्यातला हिरवा रंग गिळतो आणि आपल्याला लाल दिसतो. हे कण एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगतात. तू मीठ घातलंस, ढकलणं संपलं, कण गोळा झाले. गोळा झाले की गिळायचा रंग बदलतो, म्हणून निळं.”

“मग याचा तपासणीशी काय संबंध?”

अण्णांनी दुसरी नळी उचलली. “यातल्या कणांना मी धाग्यांचं पांघरूण घातलंय. पांघरूण असलं की मीठ घाला, काही होत नाही, लालच राहतात. पण हे धागे मोठे लबाड! मूत्रपिंड बिघडायला लागलं की रक्तात एक विशिष्ट प्रथिन वाढतं. ते दिसलं, की धागे सोन्याला सोडून त्यालाच जाऊन बिलगतात. सोनं उघडं पडतं. मग मीठ घातलं की…”

“निळं!” शाल्मली ओरडली.

“शाब्बास! हाच आपला जैवसंवेदक (शरीरातली खूण ओळखणारं साधन).”

अण्णांनी नळी खाली ठेवली. “माझी थोरली बहीण आक्का होती ना, सतरा वर्षांची. मी शेगडीशी फुंकणी धरून बसलो की मागून येऊन माझे कान ओढायची, म्हणायची, ‘फुंक की रे, झोपलास काय!’ तिचे पाय सुजले तेव्हा कुठे आम्हाला कळलं. तोवर मूत्रपिंडं गेली होती. फार आठवण येते गं तिची. आपल्या घराण्यात आहे हा आजार.”

तेवढ्यात बाबा हात पुसत आत आले. “मला काय धाड भरलीय, अण्णा? तिकडे गिऱ्हाईक खोळंबलंय!” कुरकुर चालूच, पण बोट पुढे केलं. अण्णांनी रक्ताचे थेंब घेतले, यंत्रात फिरवून वरचा पाण्यासारखा भाग तेवढा नळीत सोडला. मग मीठ.

तिघेही बघत राहिले. लाल रंग हळूहळू जांभळा झाला, मग निळा.

बाबांनी नळी उचलून उजेडात धरली. शाल्मलीला रडूच कोसळलं.

“ए वेडाबाई,” अण्णांनी तिला जवळ घेतलं, “अजून सूज नाही, दुखणं नाही. नुसती सुरुवात आहे. उद्या डॉक्टरांकडून पक्कं करून घेऊ. इतक्या लवकर कळलं की औषधाने आवरतं हे.” मग खिडकीबाहेर बघत ते हळूच म्हणाले, “आक्के, तुझ्यासाठी पासष्ट वर्षं उशीर झाला गं मला.”

बाबा त्यांच्याजवळ बसले. “माझ्यासाठी नाही झाला, अण्णा,” ते म्हणाले. “सकाळी किती वाजता निघायचं?”

शाल्मलीने डोळे पुसले आणि आपलं बोट अण्णांसमोर धरलं.

“आता माझं बघा. लाल निघो नाहीतर निळं, मला आजच कळायला हवं.”