एक मिनिट आधीचं उत्तर

"तीन नंबरची झडप बंद करा! तीन!" भोंग्या असा ओरडला की माइकची गरजच उरली नाही.

"हळू! सर यानात आहेत, बहिरे नाहीत," पुस्तिकेत डोकं घातलेला कासव म्हणाला. बिघाडांचे उपाय त्या एकाच पुस्तिकेत होते, आणि कासवाचं एक पान उलटेपर्यंत इतरांचं जेवण उरकलं असतं; नावच त्यावरून पडलेलं.

टिपणीनं वहीत वेळ लिहिली: दहा बारा. सगळं टिपून ठेवायची तिला खोडच होती, म्हणून तर सरांनी तिला नियंत्रण कक्षाची प्रमुख केलं होतं. सुट्टीतल्या या अंतराळ शिबिरात शिक्षकांनी बंद यानात बसून स्वतःच्या हातांनी बिघाड दुरुस्त करायचे आणि विद्यार्थ्यांनी बाहेरून उपाय सांगायचे. जिंकणाऱ्या शाळेला दुर्बीण! "आत मला काही कळणार नाही. तुमचा आवाज हेच माझे डोळे," सर म्हणाले होते. ते वाक्य टिपणीनं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं.

मेख एकच होती. यान मंगळाच्या वाटेवर आहे असं धरलेलं, म्हणून मधलं यंत्र प्रत्येक निरोप मिनिटभर अडवून ठेवी. जायला एक मिनिट, यायला एक.

"तुम्ही सांगितल्याप्रमाणे झडप बंद केली!" सरांचा आवाज आला.

टिपणीची पेन्सिल थांबली. दहा तेरा!

"अरे, आपला निरोप आत्ता कुठे पोचतोय. मग उत्तर कसं आलं?"

"यंत्र बिघडलं असेल," कासव म्हणाला.

टिपणीनं यंत्रावरचा आकडा तपासला. साठ सेकंद, जाताना आणि येतानाही.

"सरांनी आधीच ओळखलं असेल," भोंग्या म्हणाला.

"मग 'तुम्ही सांगितल्याप्रमाणे' कशाला म्हणतील? पुढच्या बिघाडाला कोणी तोंड उघडायचं नाही. भोंग्या, तूसुद्धा!"

"मी गप्प? जीव जाईल माझा!"

लाल दिवा लागला. कासवानं उपाय शोधला: निळी तार. टिपणीनं माइक बंद केला. भोंग्यानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"निळी तार जोडली! शाब्बास पोरांनो, अचूक सांगितलंत!"

भोंग्याचे हात तोंडावरच राहिले.

टिपणी वही घेऊन उठली. "अगं, दुर्बीण जाईल!" कासव कळवळला.

"आपण मिळवलीच कुठे होती?"

शिबिरप्रमुख बाईंनी वहीतल्या वेळा तीनदा वाचल्या आणि यानाचं दार उघडायला लावलं. सरांच्या खिशातून घडी घातलेला कागद निघाला. बिघाडांची यादी, उपायांसकट!

"ही मीच काल छपाईयंत्रावर विसरले होते!" बाईंनी जीभ चावली. मग सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली, दुर्बीण दुसऱ्या शाळेला दिली आणि म्हणाल्या, "पण असा नियंत्रण कक्ष वीस वर्षांत पाहिला नाही!"

टाळ्या कडाडल्या. गर्दी पांगल्यावर सर जवळ आले. "तुमच्यासाठीच केलं गं. दुर्बीण मिळावी म्हणून."

टिपणीनं वहीचं पहिलं पान त्यांच्यासमोर धरलं. "आमच्या आवाजाची गरजच नव्हती, तर आम्हाला बसवलंत कशाला, सर?"

सर वाचत राहिले. टिपणी सवयीनं घड्याळाकडे बघत होती. इथं तर मध्ये यंत्रही नव्हतं. एक मिनिट झालं. दोन झाली.

तिनं वही मिटण्याआधी वेळ लिहिली आणि पुढे दोनच शब्द: उत्तर नाही.