निळीची रेघ

खण्णकन आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली. मालनच्या हातून फुलपात्र सुटलं होतं. दारात एक परका माणूस उभा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यानं पाणी मागितलं, तिनं तेच फुलपात्र भरून पुढं केलं, तर म्हणतो कसा, "मला न्हाई... गाडीला पायजे. बादलीभर."

तिला हसू फुटलं. नवरा गेल्याला दोन वर्षं झाली होती. लेकीला घेऊन माहेरी आल्यापासून असं हसू पहिल्यांदाच.

गाडी तिच्या वडिलांची. दत्तराव डॉक्टरांनी खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांसाठी जुनी ॲम्बेसिडर घेतली होती, आणि ती दर फेरीला पाणी संपवून, तापून, वाटेतच उभी राहायची. पाणी मागणारा तो माणूस, सोनपेठच्या स्टँडजवळ गॅरेज असलेला बन्सीधर, ती दुरुस्त करायला दर रविवारी यायला लागला. त्यानं पाइप बदलले, पट्ट्या आवळल्या, गाडीखाली पुठ्ठे अंथरले. पुठ्ठे कोरडेच. पाणी जायचं कुठं, कुणालाच कळेना.

मालनचे कान मात्र शनिवारपासूनच फाटकाशी जाऊन बसायचे. सगळ्या गावाला ताई-बाई म्हणणारा बन्सीधर तिला कशानंच हाक मारायचा नाही. नुसता घसा खाकरायचा... आणि तेवढ्यानंही तिच्या हातातलं काम थांबायचं. तिच्या पाच वर्षांच्या बेबीला तो शेजारी बसवून पान्हे मोजायला लावायचा.

चौथ्या रविवारी डॉक्टर वैतागले. पुढच्या रविवारपर्यंत गळती सापडली नाही तर गाडी विकून टाकणार, म्हणाले. तेव्हा मालनच बोलून गेली, "पाण्यात नीळ कालवा की. जिथनं गळंल तिथं डाग पडंल."

बन्सीधर बघतच राहिला. "हे डोकं इतके दिवस कुठं ठेवलं होतं?"

"तुमी कधी विचारलं?"

नीळ कालवलेलं पाणी भरून शनिवारी डॉक्टर झरीच्या फेरीला जाऊन आले. रविवारी सकाळी, बन्सीधर यायच्या आधी, मालननं हळूच बॉनेट उचललं. पंख्यामागं, पाण्याच्या पंपावर, केसाएवढी निळी रेघ वाळून बसली होती. इंजिन तापलं की थेंब तिथनं निघायचे आणि तापल्या लोखंडावरच वाळून जायचे; जमिनीपर्यंत पोचणार कसे? तिला आनंद व्हायला हवा होता. पण सापडलं म्हणजे त्याचं येणं संपलं— गाडी विकली तरी ते संपणारच, हे सुचायच्या आधीच तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि रेघ पुसून टाकली.

बन्सीधर आला. तासभर वाकून शोधत राहिला. शेवटी, घावत न्हाई, असं डॉक्टरांना सांगायला वळला आणि मधेच थबकला. नजर तिच्या पदरावर होती.

"घावली नीळ," तो हळूच म्हणाला.

मालनला कुठं बघावं कळेना. "...पंख्यामागं. पंपावर."

का पुसली, ते त्यानं विचारलं नाही. गॅरेजातनं पंप आणून दुपारी बसवला. एकच नट तीनदा आवळला. मग पान्हे गुंडाळता गुंडाळता, मान खाली घालून म्हणाला, "आता बिनकामाचं यायचं तर... डॉक्टरसायबास्नी काय सांगू, मालन?"

स्वतःचं नाव तिला नव्यानं ऐकू आलं. किती दिवसांनी.

"खरं सांगा," ती म्हणाली.

"मंग रविवारी सांगतो."

फाटक लागलं. रविवारला अजून सात दिवस होते... पदराचा निळा डाग बोटाला गुंडाळत ती तिथंच उभी राहिली. बेबी जवळ येऊन बिलगली.

"आई, गाडी तर नीट झाली. मंग काका रविवारी कशाला येणार हायत?"