डोहाकाठचा ठसा

गाडी थांबली तरी आई उतरून हाक मारेपर्यंत कुणी दार उघडायचं नाही, हा त्यांच्या भटकंतीचा जुना कायदा होता. आई एका संग्रहालयासाठी जनावरांच्या पावलांचे ठसे प्लास्टरमध्ये उतरवून घेई. आधी जमीन वाचायची, मग पाय ठेवायचा, एवढंच तिचं म्हणणं. बाबा म्हणायचे, "हिच्याबरोबर फिरायला पाय नकोत, पंख हवेत."

सुट्टीच्या चौथ्या दिवशी सकाळी ते एका जुन्या वास्तूच्या पडक्या भिंतींपाशी पोचले. छप्पर कधीच गेलं होतं, दोन कमानी तेवढ्या तग धरून होत्या, आणि मागे पायऱ्या उतरून हिरवागार डोह. चिखलात पाणमांजराच्या खुणा दिसल्या आणि आईची कळी खुलली. नऊ वर्षांची खारू गाडीच्या काचेला नाक लावून बसली होती. तिला पाण्याची इतकी धास्ती, की डोक्यावरून अंघोळ म्हणजे घरात रडारड.

पाणमांजराच्या मागावर आई काठाशी आली आणि थबकली. ओल्या मातीत माणसाची अनवाणी पावलं होती. ताजी, कडाही ढासळलेल्या नव्हत्या. सगळी पाण्याकडे गेलेली. परतलेलं एकही नाही.

डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. तशी करंगळी आईने एकाच पायाला पाहिली होती, रोज मोजे चढवताना.

"खारू, तू उतरली होतीस?"

"नाही गं आई! तूच तर बसवून ठेवलंयस."

"जागची हललीसुद्धा नाही," बाबा म्हणाले.

आईने खारूला आणून तिचं पाऊल शेजारी टेकवलं. ठसा चांगला दोन बोटं मोठा निघाला. शिवाय त्याच्या टाचेवर एक आडवी खूण होती, आणि खारूची टाच लोण्यासारखी मऊ.

"उगाच साप साप म्हणून भुई धोपटतेस," बाबा हसले. आईही हसली. तरी तिने प्लास्टर कालवलंच. काही नवल दिसलं की तिला राहवत नसे.

ठसा वाळेपर्यंत खारू कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी होती. आपली आपण.

"आई, हे पाणी ओळखीचं लागतंय."

आईने तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

घरी आल्यावर खारूने पोहायला शिकायचा हट्ट धरला आणि माशासारखी पोहू लागली. बाबा म्हणाले, तो ठसा फोडून टाक. आईला फोडवेना. तो होता म्हणून मोजता तरी येत होतं. दर नव्या बुटांच्या वेळी ती तो काढून पाही. आधी एक बोट कमी, मग अर्धं. टाच मात्र कोरी होती, आणि त्या कोऱ्या टाचेवर आईचा जीव टांगलेला होता.

चौथ्या वर्षी पोहण्याच्या तलावाची फुटकी फरशी खारूला लागली. टाचेला पाच टाके पडले. पायाला पाणी लागू द्यायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं.

काल टाके निघाले.

आज सकाळी आईने ठसा खारूच्या तळव्याला लावला. कुठेच फट राहिली नाही. खूण खुणेवर बसली.

"गुदगुल्या होतात, आई! ऐक ना, या सुट्टीत त्या डोहावर जाऊ या."

"आपण कुठेही जाणार नाही," आई म्हणाली, आणि तिने ठसा फरशीवर आपटला. ठिकऱ्या उडाल्या.

खारू खुर्चीवरून उतरली आणि चालू लागली.

आईने सवयीने जमिनीकडे पाहिलं. कोरड्या फरशीवर ओली पावलं उमटत होती, बाहेरच्या दाराकडे जाणारी.