माळावरचं जहाज

त्या सकाळी चऱ्होलीच्या नावेत माझ्या शेजारी एक जण नावेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून बसला होता. इंद्रायणी अगदी संथ होती. नावेतली शेळीसुद्धा निवांत रवंथ करत होती. मधोमध नाव जराशी कलली आणि या गड्यानं कड सोडून थेट माझ्या मेथीच्या पाटीला मिठी मारली.

"धरा खुशाल," मी म्हणाले, "पर पाटी बी बुडती बरं का."

त्यानं डोळे उघडले. भेदरलेले, तरी हसरे... मेथी गेली ती गेलीच, पण मला राग म्हणून आला नाही.

उतरताना त्यानं नाव सांगितलं आणि मी चाटच पडले. नदीपलीकडचा दर्यावर्दी ज्योतीराम तो हाच! लढाईच्या काळात गोऱ्यांच्या आरमारात, जहाजावर तीन वर्षं काढलेला. आता पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात फिटर. पारावर बसून तो वादळांच्या आणि देवमाशांच्या गोष्टी सांगायचा आणि शेवटी लांब कुठंतरी बघत म्हणायचा, दर्या अजून बोलावतो मला. त्याला बसायला लोक घोंगडी अंथरायचे.

मेथीचं निमित्त करून तो पुढच्या बाजारालाही भेटला, मग त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला मी त्याला सरळच धरलं.

"खरं सांगा, समुद्र पाहिलाय का तुमी?"

"न्हाई..." तो इकडंतिकडं बघत म्हणाला. "पर जहाजावर व्हतो, ही बात खोटी न्हाई."

मग सगळं बाहेर आलं. कोईमतूरजवळ, समुद्रापासून कोसच्या कोस दूर, गोऱ्यांच्या आरमाराचा विमानतळ होता. मोठ्या जहाजांवरून उडणारी विमानं दुरुस्तीला तिथं यायची आणि हा तिथं फिटर होता. आता आरमाराचा तळ म्हणजे जहाजच, अशी त्या लोकांची रीत. तळ माळावर असला तरी त्याला जहाजासारखं नाव द्यायचं. फरशीला डेक म्हणायचं. फाटकाबाहेर चहा प्यायला जायचं तरी 'किनाऱ्यावर जातो' म्हणून साहेबाची परवानगी काढायची. चहूकडं कापसाची शेतं, आणि मध्ये हे जहाज! लढाई संपली, गोरे निघून गेले, ज्योतीराम घरी आला आणि जहाजावर होतो म्हणाला. बाकीचं गावानंच रचलं. देवमासे तेवढे त्याचे स्वतःचे.

मी पोट धरून हसले. तोही हसला... आणि माझा जीव त्याच्यात गुंतला तो तिथंच.

पण त्यानं मागणी घातली आणि माझ्या वडिलांनी, तात्याबांनी, साफ नकार दिला. त्यांचा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात आगबोटीनं समुद्रापार बसऱ्याला गेला तो परतलाच नव्हता. ज्याला दर्या बोलावतो त्याला लेक देणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. ज्योतीरामचं पारावरचं वाक्य असं त्याच्याच गळ्यात पडलं.

"खरं सांगून टाका ना त्यास्नी," मी म्हणाले.

"मग पारावर मला कोण इचारंल, गवरा?"

"मी इचारीन की. पुरं न्हाई का?"

त्यानं विषय मेथीच्या भावावर नेला. मी रागानं दोन बाजार चुकवले.

मग एका सकाळी तो आमच्या दारात, चार वडीलधाऱ्यांसमोर, उभा राहिला आणि सगळं कबूल केलं. आणि कुणाचा विश्वासच बसेना! माळावर जहाज? त्या चौघांतले भिमाजीमामा तर म्हणाले, पोरीपायी माणूस काय बी थापा मारतो. आठ वर्षं खोटं चाललं, आणि खरं एका झटक्यात पडलं. तात्यांनी मान फिरवली.

ज्योतीरामनं टोपी काढून भिमाजीमामांच्या हातात दिली, तरातरा घाटावर गेला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोहात उडी मारली. दर्यावर्दी कसा पोहतो ते बघायला सगळं गाव धावलं. वर नुसते बुडबुडे आले.

मामा कौतुकानं म्हणाले, "दम बघा कसा धरलाय."

मी कासोटा घट्ट केला आणि उडी टाकली.

केसांना धरून त्याला पायरीवर ओढला तेव्हा तो पाणी ओकत होता आणि मी रडत होते. मला लई भीती वाटली होती.

"पोहता येत न्हाई, तर उडी कशापायी मारली?"

"तुझ्या तात्यास्नी... पटंना ना."

तात्या वरच्या पायरीवरून आम्हा दोघांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो दर्यावर काय जातोय? ह्यो तर आंघोळीला बी लांब जायचा न्हाई. दिली पोरगी."

गाव खदाखदा हसत होतं. ज्योतीरामनं माझा हात धरलाच होता. मी सोडवायला गेले, लोक बघतायत म्हटलं.

"बघू दे," तो म्हणाला, "आता लपवायला काय उरलंय माझ्यापाशी?"